कवटी समोर ठेवली तर गट आणि नातं कसं सांगायचं?

सालस_बेडूक

प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. स्पॉटिंगला (नमुने ओळखायच्या प्रात्यक्षिकाला) आमच्यासमोर लेबल काढलेल्या कवट्या, चित्रं आणि बाटल्या मांडून ठेवतात. गट सांगा, जवळचा नातेवाईक सांगा, कारण द्या. शाळेपासून पाठ केलेला तक्ता (खवले असले की सरपटणारे, पिसं असली की पक्षी, केस असले की सस्तन) इथं कुचकामी आहे, कारण हाडावर ना खवला उरतो ना केस.

सरावाच्या एका प्रश्नात चार चित्रं होती: मगर, कबूतर, डायमेट्रोडॉन आणि माणूस. जवळच्या नात्याच्या दोन जोड्या लावायच्या. उत्तर दिलंय मगर–कबूतर आणि डायमेट्रोडॉन–माणूस! पाठीवर शीड असलेला तो घोरपडीसारखा प्राणी आपला नातेवाईक, हे वर्गात कुणालाच पटलेलं नाही. कारण काय द्यायचं?

एक_डोळा

डायमेट्रोडॉन डायनासोर ना? खेळण्यातल्या डायनासोरांच्या डब्यात तर तो हमखास असतो.

हाडवैद्य_नव्हे

डब्यात असतो, पण डायनासोर नाही. तो नामशेष झाल्यावर तीन कोटींहून जास्त वर्षांनी पहिले डायनासोर आले.

सालस_बेडूक, उत्तर बरोबर आहे. मी हाडं साफ करून, जोडून, कपाटात लावायचं काम करतो. शिकवत नाही, तेव्हा भाषा जरा कारागिराची वाटली तर चालवून घ्या.

कवटी हातात आली की आधी चेहरेपट्टीवर भुलू नका. लांब थोबाड, अणकुचीदार दात, चपटं डोकं हा सगळा पोटापाण्याचा मामला असतो. मासे धरून खाणारे प्राणी कुठल्याही कुळातले असोत, थोबाडं लांबुळकीच होत जातात. मी कवटी कुशीवर वळवतो आणि डोळ्याच्या खोबणीच्या मागं बोट फिरवतो. तिथं भोकं किती, हा पहिला प्रश्न.

डायमेट्रोडॉनला दर बाजूला एक. मगरीला दोन: एक कडेला, दुसरं थेट माथ्यावर. एकभोकी ते सिनॅप्सिड, दोनभोकी ते डायॲप्सिड. या दोन शाखा ३० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी फुटल्या, आणि सिनॅप्सिडांपैकी आज फक्त सस्तन प्राणी उरलेत.

आता तुमचं भोक शोधा. दोन बोटं कानशिलावर ठेवून दात आवळा. बोटांखाली जो स्नायू टणक होतो तो गालाच्या हाडाच्या कमानीआतून खाली उतरतो आणि खालच्या जबड्याला धरतो. ती कमान म्हणजे त्याच भोकाची खालची कड. भोक पसरत पसरत एवढं मोठं झालंय की भोक म्हणून ओळखूच येत नाही. डायमेट्रोडॉनमध्येही जबड्याचे स्नायू त्या भोकापाशीच असायचे.

यानंतर खालचा जबडा बघा. सस्तन प्राण्याच्या जबड्याची एक बाजू म्हणजे एकच हाड. मगर, सरडा, कोंबडी यांच्यात तीच बाजू अनेक हाडांची मिळून बनते आणि सांधे दिसतात (पक्ष्यांत मोठेपणी बरेचसे बुजतात, म्हणून पिल्लाची कवटी मिळाली तर सोनं). मग आपली बाकीची हाडं गेली कुठं? त्यातली काही कानात गेली. सरड्याच्या जबड्याची बिजागरी ज्या दोन हाडांची असते, तीच आपल्या कानात हातोडी आणि ऐरण होऊन बसलीत. जर्मन शरीररचनातज्ज्ञ कार्ल रायखर्ट यांनी हे १८३७ मध्ये डुकराचे गर्भ तपासून मांडलं, जीवाश्मांचा भक्कम पुरावा मागाहून मिळत गेला. मॉर्गॅन्युकोडॉन या चिचुंद्रीएवढ्या जीवाच्या जबड्यात जुनी आणि नवी अशा दोन्ही बिजागऱ्या एकाच वेळी काम करत होत्या. मला विचाराल तर साऱ्या शरीररचनेत याहून देखणा पुरावा नाही.

कबूतर जरा फसवतं. त्याचीही मुळात दोन भोकंच, पण मधल्या पट्ट्या गेल्यामुळं ती डोळ्याच्या खोबणीत मिसळलीत. तिथं मगरीचा खालचा जबडा कडेनं धरा: आरपार एक भोक दिसेल. सरड्याला ते नसतं. जुन्या डायनासोरांत असतं, आणि त्यांचे वंशज असलेल्या आजच्या पुष्कळ पक्ष्यांत अजून टिकून आहे. म्हणून कबुतराची जोडी मगरीशी.

पडवळ

प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. पण एक शंका. आम्हाला शिकवलं होतं की कवटीच्या मागं, मणका जिथं टेकतो तिथले गुंडे मोजा. पक्षी आणि सरपटणाऱ्यांना एक, सस्तनांना दोन. बेडकालाही दोनच! मग बेडूक आपल्याला मगरीपेक्षा जवळचा का नाही? शिवाय कबुतराचं रक्त गरम आणि हृदय चार कप्प्यांचं, अगदी आपल्यासारखं. ते सोडून द्यायचं?

हाडवैद्य_नव्हे

गुंडे मोजायला हरकत नाही, गट पटकन कळतो. नातं मात्र त्यावरून लावू नका. डायमेट्रोडॉनला एकच गुंडा होता. म्हणजे आपले दोन गुंडे आपल्याच शाखेवर पुढं कधीतरी आलेत, बेडकाचा त्याच्याशी संबंध नाही.

हृदयाचंही तेच. चार कप्पे मगरीलाही असतात, आणि ती काही गरम रक्ताची नाही. मगर आणि पक्षी यांना ते एकाच पूर्वजाकडून मिळाले, सस्तनांनी स्वतंत्रपणे कमावले. एखादं लक्षण सारखं दिसलं की त्या शाखेवरचे जुने जीवाश्म काय सांगतात ते आधी बघायचं. आणि खवले, अंडी, थंड रक्त असल्या जुन्यापान्या गोष्टींवरून 'सरपटणारे' म्हणून सगळ्यांना एका पोत्यात भरू नका. मगरीची जवळची सोयरीक पक्ष्यांशी आहे, सरड्याशी लांबची.

सालस_बेडूक

मग कासव? कासवाच्या कवटीत डोळ्यामागं एकही भोक सापडत नाही. पुस्तकात त्याला वेगळा, बिनभोकी गट दिलाय.

भरती_ओहोटी

पुस्तक जुनं असणार. कासवाची भोकं बुजलीत. जर्मनीत सापडलेल्या पॅपोकेलिस या सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वीच्या कासवाच्या पूर्वजसदृश प्राण्याचं वर्णन २०१५ मध्ये आलं, त्याच्या कवटीत दोन भोकं आहेत. जनुकंही कासवाला मगर आणि पक्ष्यांच्या शेजारी बसवतात.

नातं नेहमी डोक्यातच सापडेल असंही नाही. देवमाशाचं कुळ घोट्याच्या हाडावरून लागलं. गाय, डुक्कर, पाणघोडा यांच्या घोट्यात एक हाड दोन्ही टोकांना कप्पीसारखं असतं. तेच पाय असलेल्या आद्य देवमाशांत सापडल्याचं २००१ मध्ये जाहीर झालं. पुढं २००७ मध्ये जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोट भागातल्या इंडोहायस या छोट्या खुरवाल्या प्राण्याच्या कानाचं हाड आतल्या बाजूनं देवमाशासारखं जाड असल्याचं दिसलं. ज्या दगडांत ही हाडं मिळाली ते भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी फार आधी जमवून ठेवलेले होते.

सालस_बेडूक

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, आभार. शेवटचं एक: बाटलीतला बिनपायाचा नमुना आला तर? साप, बिनपायाचा सरडा आणि देवगांडूळ मला सारखेच दिसतात.

हाडवैद्य_नव्हे

अंगावर गांडुळासारखी वलयं असतील आणि डोळे कातडीखाली झाकलेले असतील तर देवगांडूळ, म्हणजे उभयचर. डोळा आणि नाकपुडीच्या मध्ये बारीकशी स्पर्शिका दिसली की शंकाच नको. साप आणि सरडा यांत शेपटी बघा. गुदद्वाराच्या आडव्या फटीपासून शेपटी सुरू होते. सापाची सहसा आखूड असते, बिनपायाच्या सरड्याची बहुधा लांबलचक.

सालस_बेडूक

बाटलीला हात लावू देत नाहीत, आणि नमुना वेटोळं करून भरलेला असतो. फट दिसतच नाही.

हाडवैद्य_नव्हे

मग काचेतून डोकं बघा. पापण्या किंवा डोळ्यामागं कानाचं भोक, यातलं काहीही दिसलं तर सरडा. सापाला दोन्ही नसतात. काही सरड्यांनाही पापण्या नसतात, म्हणून कान बघितल्याशिवाय 'साप' लिहू नका.