चिनी स्त्रियांवरील सौंदर्याच्या दडपणाविरुद्ध पोस्टरमालिका : चेहरे दाखवावेत की मोजपट्ट्या?

मृण्मयी :

नमस्कार. मी इंग्लंडमध्ये दृश्यसंवाद या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण घेत असून चीनमधल्या छंगतू शहरातून आलेल्या एका वर्गमैत्रिणीबरोबर पोस्टरमालिका करत आहे. विषय तिचा आहे : चीनमधील स्त्रियांवर लादले जाणारे सौंदर्याचे निकष. गोरा रंग, कोवळे वय आणि बारीक अंग या तिन्ही अपेक्षा एका दमात सांगणारा 'बाइ-यौ-शौ' हा शब्दप्रयोग तिथे सर्रास चालतो आणि त्याच्या जोडीला दुहेरी पापणी (वरच्या पापणीवर घडी असलेली) व निमुळती हनुवटी यांचा हट्ट असतोच. निरनिराळ्या वर्णांच्या, वयांच्या आणि अंगकाठीच्या चिनी स्त्रियांची मोठी छायाचित्रे लावून प्रत्येकीखाली 'मीही सुंदर आहे' असे लिहावे, अशी तिची कल्पना आहे. मला मात्र वाटते की अशा पोस्टरसमोर उभा राहणारा माणूस पुन्हा त्या बाईचे रूपच जोखत बसेल, आणि मग आम्ही वेगळे काय केले? शिवाय मी चिनी नाही, त्यामुळे असा आक्षेप घेणे मला कितपत शोभते, हाही प्रश्न आहेच. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

अक्षरयात्री :

तुमचा आक्षेप मला पूर्णपणे रास्त वाटतो आणि त्याला आधार देणारा दाखला चीनमध्येच घडलेला आहे. मार्च 2016 मध्ये वेइबो या चिनी समाजमाध्यमावर 'ए-फोर कंबर' नावाचे खूळ पसरले. ए-फोर आकाराचा कागद पोटासमोर उभा धरायचा आणि त्याच्या 21 सेंटिमीटर रुंदीआड कंबर पूर्ण झाकली गेली, तरच ती मुलगी बारीक समजायची. नट्यांपासून विद्यार्थिनींपर्यंत अनेकींनी आपापले फोटो टाकले. चंग छूरान या स्त्रीहक्क कार्यकर्तीने मात्र तोच कागद आडवा धरला आणि आपल्या जाड कंबरेवर आपले प्रेम आहे, असे त्यावर लिहिले. कागद आडवा होताच रुंदी 29.7 सेंटिमीटर होते. कागद तोच, कंबर तीच, फक्त धरण्याची दिशा बदलली की निकाल फिरतो. मोजमाप किती मनमानी आहे, हे पटवून द्यायला त्यापुढे एका शब्दाचीही गरज उरत नाही. पोस्टरने साधायचे ते हेच, असे मी मानतो.

म्हणून माझी सूचना अशी की चेहऱ्यांऐवजी मोजपट्ट्या हाताशी घ्या. उंचीनुसार मुलींचे 'आदर्श' वजन सांगणारे तक्ते चिनी समाजमाध्यमांवर फिरत असतात. फोटो सुधारणाऱ्या ॲपमध्ये जबडा, नाक, डोळे असा एकेक अवयव बोटाने सरकवून लहानमोठा करण्याच्या पट्ट्या असतात. शस्त्रक्रियेच्या जाहिरातींत 'आधी' आणि 'नंतर' यांची जोडचित्रे असतात. या प्रत्येक गोष्टीची मांडणी कोणा ना कोणा डिझायनरने केलेली आहे. वजनाचा तक्ता जसाच्या तसा घ्या, रकाने, रेघा आणि अक्षरवळण यांना हात लावू नका. फक्त उंचीसमोरच्या रकान्यात किलोंऐवजी त्या उंचीच्या एखाद्या बाईने दिवसभरात काय काय केले, ते लिहा.

आपल्या व्यवसायाचा यातला वाटा जुना आहे, हेही प्रकल्पात यावे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शांघायमध्ये सिगारेट आणि प्रसाधनांच्या जाहिरातींसाठी 'युएफेनपाइ' म्हणजे दिनदर्शिकांची पोस्टरे छापली जात. चंग मानथ्वो हे चित्रकार काळी भुकटी कागदावर घासून छायाप्रकाश साधत आणि त्यावर जलरंगाचे पातळ हात देत, त्यामुळे त्यांच्या चित्रांतल्या तरुणींच्या गालावर ना रेघ दिसे ना डाग. चीनमधल्या श्यामेन शहरात 2008 साली सुरू झालेल्या 'मेइतू' कंपनीची ॲप्स आज बोटाच्या एका स्पर्शात तशीच त्वचा करून देतात. ही दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवलीत, तर एक पोस्टर तयारच आहे.

वैदेही (शांघाय) :

वरचा प्रतिसाद मोलाचा आहे, पण चेहरे पूर्णपणे वगळावेत हे मला पटत नाही. येथे लिफ्टमध्ये, मेट्रोच्या फलाटावर, मोबाइलवर रोज एकाच साच्यातले चेहरे समोर येतात, त्यामुळे त्या साच्याबाहेरचा चेहरा नुसता मोठ्या आकारात दिसणे यालाही अर्थ आहे. फेब्रुवारी 2019 मध्ये झारा या फॅशन ब्रँडने ओठरंगाच्या जाहिरातीत ली चिंगवेन ही चिनी मॉडेल तिच्या गालांवरच्या नैसर्गिक ठिपक्यांसह दाखवली, तेव्हा 'चिनी स्त्रीला कुरूप दाखवले' म्हणून काहींनी गदारोळ केला. कंपनीने छायाचित्रात फेरफार केलेला नसल्याचे सांगितले आणि ठिपक्यांत कुरूप ते काय, असे विचारणारेही चीनमध्येच पुष्कळ निघाले. तो वाद एका चेहऱ्याने उभा केला. तक्त्याने तो झाला असता असे मला वाटत नाही.

आता दुसरे उदाहरण पाहा. 'नेइवाइ' या शांघायच्याच अंतर्वस्त्रांच्या ब्रँडने 2020 मध्ये लहान छाती, सुटलेले पोट, उतारवयाचे शरीर, अंगावरचा व्रण अशी छायाचित्रे प्रसिद्ध केली. तिथे लिहिलेल्या ओळीचा आशय असा होता की कोणतीही अंगकाठी नगण्य नसते. त्यांना माल विकायचा होता हे खरेच आहे, तरीही त्या ओळीत सुंदर असल्याचा दावा कुठेही नव्हता, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. मृण्मयी, तुमच्या मैत्रिणीची छायाचित्रे राहू द्या आणि 'मीही सुंदर आहे' ही ओळ काढून टाका. माझ्या मते सगळी अडचण त्या ओळीतच आहे, कारण ती परीक्षा मान्य करते आणि फक्त गुण वाढवून मागते.

श्री. द. :

तुम्ही चिनी नाही, या मुद्द्यावर थोडे लिहितो. मैत्रीण निर्णय घेणार आणि तुम्ही मांडणीत साथ देणार, असे ठरले असेल तर संकोचाचे कारण नाही; मात्र सोबतची टिपणे आणि अक्षरांची निवड तिच्याकडेच राहू द्या. 'हे परके लोक आम्हाला मागासलेले ठरवतात' हा आरोप तिथे चटकन होतो. तेव्हा चीनमध्येच या प्रश्नाची दखल घेतली जाते, हे मालिकेत दिसू द्या. नोव्हेंबर 2021 मध्ये तेथील बाजार नियामकाने सौंदर्योपचारांच्या जाहिरातींसंबंधी मार्गदर्शिका काढली आणि दिसण्याविषयीची चिंता निर्माण करणाऱ्या जाहिराती कारवाईच्या कक्षेत आणल्या. 'आधी-नंतर'च्या जोडचित्रांवर पोस्टर करणार असाल, तर हा संदर्भ अवश्य वापरा.

एक काळजीची गोष्टही सांगतो. छायाचित्रे वर्गमैत्रिणींची असतील, तर ती प्रदर्शनापुरतीच राहतील अशी लेखी समज आधी करून घ्या. वेइबोवर अशा फोटोंखाली मुलींच्या शरीरावर अत्यंत घाणेरडे शेरे मारले जातात, आणि सत्राच्या एका प्रकल्पासाठी कोणा मुलीला ते सोसावे लागू नये.