शाळेत कोंबड्या पाळून मुलांना 'चिकन कुठून येतं' ते शिकवावं का?

तूसवाला

प्रस्ताव सरळ आहे. पुण्यातल्या ज्या शाळांना मागे थोडी मोकळी जागा आहे, त्यांनी सातवी-आठवीच्या मुलांकडून वीस पिल्लांची एक बॅच वाढवून घ्यावी आणि शेवटपर्यंत न्यावी. शेवटपर्यंत म्हणजे ताटापर्यंत. पुस्तकात 'कुक्कुटपालन' हा दोन मार्कांचा प्रश्न आहे, त्याने काही कळत नाही.

सुरुवात नोव्हेंबरच्या मध्यावर करावी, दिवाळीची सुट्टी संपल्यावर. जूनमध्ये नको. पावसाळी हवेत तूस सुकत नाही आणि ओल्या तुसातून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रक्ती हगवण लागते. मग वीसची बारा व्हायला चार दिवस पुरतात.

पुठ्ठ्याचा किंवा पत्र्याचा दीड फूट उंच गोल कडा करायचा. गोलच हवा. चौकोनी खोक्यात थंडी वाजली की पिल्लं कोपऱ्यात एकावर एक चढतात आणि खालची गुदमरतात. खाली दोन इंच भाताचं तूस, पहिले तीन दिवस त्यावर वर्तमानपत्र, नाहीतर ती तूसच खात बसतात. पिल्लं आली की आधी गूळपाणी (लिटरला पन्नास ग्रॅम गूळ), दोन-तीन तासांनी मक्याचा भरडा. पाण्याच्या भांड्यात गोट्या टाकायच्या, म्हणजे बुडून मरत नाहीत.

ऊब पहिल्या आठवड्यात ३३ ते ३५ अंश, मग दर आठवड्याला तीन अंश कमी. बल्ब तारेचाच हवा. एलईडी लावून 'उजेड तर आहे, मग पिल्लं का मेली' असं विचारणारे भेटतात. थर्मामीटर नसेल तर पिल्लांकडे बघा: बल्बखाली गठ्ठा केला तर गार पडतंय, कड्याला चिकटून चोच उघडी टाकली तर तापतंय, सगळीकडे पसरून खात असली तर बरोबर.

जात गावरान. दर शनिवारी मुलांनी वजन करून आलेख काढायचा.

ब्रॉयलरवाला

मांडणी झकास, पण पक्षीच चुकीचा निवडलाय. गावरान सव्वा किलोची व्हायला साडेचार महिने घेते. नोव्हेंबरमध्ये धरलं तर मार्चअखेर, म्हणजे ऐन परीक्षेत. त्याच्या आधीच तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नर पहाटे साडेचारला आरवायला लागतील, आणि वीसमध्ये दहाएक नर निघणारच. शेजारची सोसायटी पोलिसात जाईल.

पण हे सगळं किरकोळ. मुद्दा असा की मुलं जे चिकन खातात ते गावरान नसतंच. कोथरूडच्या दुकानातली तंदुरी असो की लग्नातला रस्सा, पक्षी ब्रॉयलर. एक दिवसाचं पिल्लू चाळीसेक ग्रॅमचं, सातव्या दिवशी त्याच्या चौपट, ३५व्या दिवशी दोन किलोच्या आसपास. चाळीस दिवसांत साडेतीन किलो खाद्य खातं आणि दोन किलोच्या वर भरतं. अंगणात मोकळी फिरणारी गावरान दाखवून 'चिकन असं येतं' म्हणणं ही मुलांची फसवणूक आहे. शिकवायचंच तर एका चौरस फुटाला एक पक्षी, रात्रभर दिवा आणि बेचाळिसाव्या दिवशी गाडी, हे दाखवा.

पक्ष्यांचा डॉक्टर

माझा विरोध आहे, आणि तो हळव्या कारणांसाठी नाही.

पहिली गोष्ट लसीची. मरेक्सची (पाय लुळे पडतात तो रोग) लस हॅचरीतच, म्हणजे अंडी उबवतात तिथेच, टोचलेली असते. मानमोडी रोगाची लासोटा नावाची लस पाचव्या ते सातव्या दिवशी, गंबोरो या दुसऱ्या साथीच्या रोगाची चौदाव्या. लहानात लहान बाटलीसुद्धा शंभर डोसची. ती बर्फातून आणायची, एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवायची. वीस पिल्लांना डोळ्यात एकेक थेंब टाकून उरलेले ऐंशी डोस फेकायचे. पाण्यातून द्यायला गेलात तर महापालिकेच्या नळातलं क्लोरीन लस मारून टाकतं. त्यासाठी लिटरला पाच ग्रॅम स्किम दूध पावडर आधी घालावी लागते. हे करणारा शिक्षक शाळेत आहे का?

दुसरी गोष्ट बर्ड फ्लूची. २००६ ला नवापूर, २०२१ ला परभणी. साथ जाहीर झाली की त्या परिसरातले सगळे पक्षी नष्ट करतात, शाळेचे म्हणून सोडत नाहीत. वजनाचे आलेख काढणाऱ्या मुलांना हा शेवट कोण समजावणार?

तिसरी गोष्ट ब्रॉयलरवाले बोलले नाहीत. समजा चाळिसाव्या दिवशी वर्गाने हात वर करून ठरवलं, 'कापायचं नाही, पाळूया'. गावरान पाळता येते. ब्रॉयलर तसा टिकत नाही. त्याची वाढ थांबत नाही, पाय वजन पेलत नाहीत, पोटात पाणी होतं, हृदय बंद पडतं. दयेपोटी ठेवलेला पक्षी बहुतेकदा काही महिन्यांत बसल्या जागी हाल होऊन जातो. म्हणजे मुलांना पर्यायच नाही, आणि पर्याय नसलेल्या गोष्टीवर वर्गात मतदान घेणं हा निव्वळ देखावा.

ब्रॉयलरवाला

डॉक्टरसाहेब, तुम्ही विरोध म्हणून जे लिहिलंत तोच तर धडा आहे! तो पक्षी बेचाळीस दिवसांच्या पुढे जगायला बनवलेलाच नाही, हे दुकानासमोर रांगेत उभ्या असलेल्या किती मोठ्यांना माहीत आहे? मतदान नका घेऊ. पहिल्याच दिवशी तारीख फळ्यावर लिहा.

सातवी ब ची आई

अहो, पण वर्गात सगळी घरं एकसारखी आहेत का? पोषण आहारात २०२३ ला आठवड्याला एक अंडं आलं तेव्हा केवढा वाद झाला, विसरलात? आमच्याकडे मांसाहार नाही, तरी पिल्लं वाढवायला माझी हरकत नाही, उलट मुलीला आवडेल. हरकत 'ताटापर्यंत' या शब्दाला आहे. फळ्यावर तारीख लिहायची म्हणता, बारा वर्षांची मुलं ती तारीख रोज बघणार. जी मुलं खात नाहीत त्यांनी त्या दिवशी काय करायचं?

आणि पक्ष्यांना नावं ठेवू द्यायची की नाही? तुम्ही नाही म्हणालात तरी दुसऱ्या दिवशी ठेवलेली असतील.

करडूमामा

कुणीतरी आता 'शेळी पाळा' म्हणेल, त्याआधीच सांगतो, तो विचार सोडा. एकटं करडू रात्रंदिवस ओरडतं, किमान दोन लागतात. प्रत्येकी रोज तीन-चार किलो हिरवा चारा, पाव किलो खुराक. शहरात चारा कुठून आणणार, भाजीवाल्याच्या टोपलीतला कोबी घालून? पोट फुगून मरेल. पीपीआर (शेळ्यांची देवीसारखी साथ नव्हे, बुळकांडीसारखा रोग) आणि आंत्रविषाराची लस, जंताचं औषध. बोकड खच्ची न करता वाढवला तर आठव्या महिन्यात असा वास मारतो की खालच्या मजल्यावरचे वर्ग बंद ठेवावे लागतील. उस्मानाबादी पंचवीस किलोची व्हायला वर्ष जातं, त्यातलं मटण निम्म्याहून थोडं कमीच. आणि शेळी माणूस ओळखते, हाक मारली की येते. तिथे सातवी ब च्या ताईंचा प्रश्न दसपट होतो.

शेळीचं बघायचं असेल तर मुलांना चाकणच्या बाजारात न्या. व्यापारी कंबरेवर हात ठेवून वजन कसं सांगतो, दात बघून वय कसं काढतो, हे तासाभरात कळतं.

तूसवाला

गावरान की ब्रॉयलर यावर भांडण्यापेक्षा दहा-दहा आणा. एकाच दिवशीची, दोन्ही हॅचरीतली, मध्ये जाळी. पस्तिसाव्या दिवशी एका बाजूला दोन किलो आणि दुसऱ्या बाजूला जेमतेम तीनशे ग्रॅम. खाद्य सारखं, दिवस सारखे. त्या दोन आकड्यांवर वर्गात जी चर्चा होईल ती कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. मग ब्रॉयलर ठरल्या दिवशी जातील, आणि गावरान माद्या कुणाच्या गावच्या घरी खुराड्यात.

पक्ष्यांचा डॉक्टर

दोन जाती एकत्र हे कुठल्याही फार्मवर चालत नाही. पण दोन्ही एक दिवसाची, लस झालेली असतील आणि बाहेरचा पक्षी आत येणार नसेल तर इथे चालवून घेईन. जाळी मात्र पक्की हवी, ब्रॉयलर अंगाने गावरान पिल्लांना भांड्यापासून ढकलतात.

कापण्याबद्दल बोलायचं, तर शाळेच्या आवारात ते होणार नाही, हे आधी स्पष्ट असू द्या. कत्तलखान्यांचे २००१ चे नियम आहेत. त्यांत एका जनावरासमोर दुसरं कापू नये हेही आहे, आणि रस्त्यावरच्या दुकानात पिंजऱ्यातल्या कोंबड्यांसमोर काय चालतं ते सगळे रोज बघतात. मुलांना तिथे उभं करू नका. आदल्या रात्री खाद्य काढून घ्या, पाणी ठेवा, सकाळी परवानाधारक ठिकाणी मोठ्यांनी न्या, आणि साफ केलेला अख्खा पक्षी अवयवांसकट परत आणा. वर्गात तो उघडून दाखवा: पोटा कापला की आतलं पिवळं अस्तर सोलून निघतं, कलेजीला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी फुटली तर अख्खी कलेजी कडू. दोन किलोच्या पक्ष्याचं चिकन चौदाशे ग्रॅम, बाकी कुठे गेलं ते तराजूवर काढायला लावा. ज्यांना बघायचं नाही त्यांनी त्या तासाला खाद्याचा हिशेब पूर्ण करावा. तेही कामच आहे.

सातवी ब ची आई

हे मला पटण्यासारखं आहे. फक्त रविवारी आणि नाताळच्या सुट्टीत पाणी कोण घालणार? आणि दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज गेली तर बल्ब?

तूसवाला

पाचव्या आठवड्यात दहा ब्रॉयलर रोज दीड किलो खातात आणि तीन लिटर पितात, त्यामुळे एक दिवसही चुकवता येत नाही. विजेसाठी गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून कड्याच्या आत ठेवायच्या. बंद खोलीत कोळशाची शेगडी नको, धुराने सगळी जातील.

करडूमामा

म्हणजे सुट्टीत सगळं शिपाईकाकांवर येणार. त्यांना विचारलंय का कुणी? विचारा, आणि महिन्याचे वेगळे पैसे ठरवूनच पिल्लं आणा.