राष्ट्रपती जर सरसेनापती, तर हल्ल्याचा हुकूम कोणाचा?

महालची अभ्यासू:
एमपीएससीचा अभ्यास करून राहिली आहे. काल बातम्यांत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हल्ल्याचा हुकूम देताना दिसले आणि बाबा म्हणाले, "तिन्ही दलांचे प्रमुख तर आपले राष्ट्रपतीही आहेत, मग ते असे हुकूम काहून नाही देत?" कलमं मला पाठ आहेत, पण बाबांना पटेल असं कोणी समजावून सांगेल का?

पुस्तकी_किडा:
राज्यघटनेचं कलम ५३(२) (सैन्याची सर्वोच्च कमान राष्ट्रपतींकडे) सोबत ७४ (मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं वागायचं) वाच. विषय संपला.

वायुसेनानगरचे काका:
इतक्यात कुठं संपतो राजा! मी इथंच नागपूरला हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडमधून रिटायर झालो, जन्म कागदपत्रांत गेला. अधिकाऱ्याचं कमिशन (म्हणजे नेमणूक) राष्ट्रपतींच्या नावानं, नोकरी त्यांची मर्जी असेपर्यंत (कलम ३१०), कोर्ट मार्शलची शिक्षा माफ करायची तर अर्ज त्यांच्याकडेच (कलम ७२). पण विमानं उडवायचा हुकूम काही राष्ट्रपती भवनातून येत नाही. ते ठरतं पंतप्रधानांच्या मंत्रिमंडळात. राष्ट्रपतींना फार तर सल्ला एकदा फेरविचाराला पाठवता येतो. तोच परत आला की सही करावीच लागते.

पण त्या सहीला कमी समजू नका. २५ जून १९७५ च्या रात्री तेव्हाचे राष्ट्रपती फख्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीवर सही केली ती इंदिराबाईंच्या सांगण्यावरून. मंत्रिमंडळाची बैठक झाली दुसऱ्या दिवशी सकाळी! त्यातही १९७१ च्या युद्धातली आणीबाणी तोवर उठलेलीच नव्हती, म्हणजे एकावर एक दोन. म्हणून १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीनं अट घातली की मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी हाती आल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर करायची नाही. फेरविचाराला पाठवायची सोयही तेव्हाचीच. तुझ्या बाबांना ते दिवस आठवत असतील तर हे लगेच पटेल.

खंडपीठातला वकील:
काकांचं बरोबर. पण अमेरिकेतही मामला सरळ नाही. तिथं सैन्याची कमान राष्ट्राध्यक्षाकडे, युद्ध पुकारायचा अधिकार मात्र काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे. काँग्रेसनं रीतसर युद्ध शेवटचं पुकारलं १९४२ मध्ये. कोरिया, व्हिएतनाम सगळं त्यानंतरचं! शेवटी १९७३ मध्ये निक्सन यांचा नकाराधिकार मोडून कायदा झाला: सैन्य लढाईत उतरवलं की ४८ तासांत कळवा, मंजुरी मिळाली नाही तर ६० दिवसांत थांबा, माघारीला फार तर आणखी ३०. २०११ मध्ये लिबियातली कारवाई या मुदतीपुढे गेली, तेव्हा ओबामा सरकार म्हणालं की कायद्याला अभिप्रेत असलेली लढाई ही नव्हेच. असा युक्तिवाद मी इथं केला तर पक्षकारच वकील बदलेल.

महालची अभ्यासू:
धन्यवाद काका, वकीलसाहेब. मग अण्वस्त्रांचंही आपल्याकडे राष्ट्रपतींच्या हाती नाही?

वायुसेनानगरचे काका:
नाही. जानेवारी २००३ मध्ये सरकारनं जाहीर केलेली व्यवस्था अशी, की परवानगी फक्त राजकीय परिषद देणार आणि तिचे अध्यक्ष पंतप्रधान. अमेरिकेत तो हुकूम राष्ट्राध्यक्ष एकटा देऊ शकतो, संरक्षणमंत्र्यालाही अडवायचा अधिकार नाही.