अर्धशिशी आणि हातानं केलेले उपचार: तुमचा अनुभव काय?

अर्धशिशीवाल्यांनो, जरा इकडं या. गोळ्यांची नावं आपल्याला पाठ आहेत. मला ऐकायचंय ते फिजिओथेरपी, मालीश, मान-खांदे मोकळे करणं, असल्या उपायांबद्दल. फरक पडला का, आणि टिकला का? 'माझ्या आतेभावाच्या शेजाऱ्याला' नको. स्वतःचं सांगा.
– टिळकवाडीकर

आमच्या घरी यंत्रमाग आहे, आवाज दिवसभर. फिजिओथेरपिस्ट बाई मला उताणं झोपवून कवटी संपते तिथल्या खाचेत दोन्ही हातांची बोटं ठेवायच्या. दाबायच्या नाहीत, माझ्याच डोक्याचा भार बोटांवर. थोड्या वेळानं उजव्या डोळ्यामागं नेहमीची कळ उमटायची आणि विरायची. मान मागं, डोळा पुढं, मला नवलच वाटायचं! पाळीच्या आधीचं दुखणं अजून येतंच. पण मधल्या दिवसांत मान जी लाकडासारखी व्हायची, ती आता होत नाही. आणि डोकं ठणकत असताना मात्र कुणाचा हात नको. तेव्हा केसांत फणीसुद्धा सोसत नाही.
– वडगावची वैनी

मला काही उपयोग नाही झाला. मालीशवालीच्या तेलाला कापराचा असा भपका की तिथंच उलटी झाली. तंबाखूच्या वखारीत काम करून वासाचं आधीच वावडं, त्यात हे. शेवटी डॉक्टरांनी दुखणं येऊच नये म्हणून रोज घ्यायची प्रोप्रानोलोल गोळी सुरू केली, तेव्हा कुठं महिने बरे जायला लागले.
– निपाणीहून

मी तर सलूनमध्ये दाढीनंतर मान मोडून घेतो. कड्ड वाजली की डोकं हलकं. काय होतंय त्याला?
– येळ्ळूरचा पैलवान

पैलवान, होतं ते सांगते, मी फिजिओ आहे. मानेतून मेंदूकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्या असतात. झटक्यानं पिळलं तर क्वचित त्यांचा आतला थर फाटतो आणि पक्षाघात होऊ शकतो. क्वचितच, पण केवढ्याशा आरामासाठी?
वैनींच्या कळेचं म्हणाल, तर मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंचे आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूचे संदेश मेंदूच्या देठाजवळ एकाच ठिकाणी पोचतात. म्हणून मानेतलं दुखणं डोळ्यामागं जाणवतं. पण त्यावरून अर्धशिशी मानेतून निघते असं ठरत नाही. 2017 साली नॉर्वेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 104 रुग्ण होते. काहींचा मणका खरंच हाताळला, काहींचा नुसता हाताळल्यासारखं केलं, उरलेल्यांचे नेहमीचे औषधोपचार चालू ठेवले. दुखण्याचे दिवस तिन्ही गटांत घटले, आणि खऱ्या-खोट्या उपचारांत लक्षणीय फरक निघाला नाही. म्हणून मी पेशंटला मान सैल करून देईन म्हणते, अर्धशिशी घालवीन म्हणत नाही. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात पंधरा दिवस किंवा जास्त, ट्रिप्टान, म्हणजे अर्धशिशी उठल्यावर घ्यायच्या खास गोळ्या, दहा दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांवर चाललं असेल तर गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं. तिथं मालीश काय करणार?
– खानापूर

हो की! पण आमचे वस्ताद मान मोडत नाहीत, खांदेच रगडतात. ते चालतंय का?
– येळ्ळूरचा पैलवान

खांदे रगडू देत. मानेला झटका नको. आणि कधी नव्हे असं एकदम डोकं फुटायला लागलं, बोलणं अडखळलं, हात लुळा पडला, तर वस्ताद नको, सरळ दवाखाना.
– खानापूर

वैनी, तुमच्या फिजिओ बाई शहापूरकडं बसतात का? संध्याकाळी भेटतील?
– टिळकवाडीकर