मदत हवी आहे: आयएल-२१ दिल्यावर वाढलेलं आयजीजी नेमकं कोणत्या बी पेशींचं?

नमस्कार मंडळी,

निरोगी रक्तदात्यांच्या रक्तातून प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी वेगळ्या करून त्यांच्या प्रतिपिंडांवर (आयजीजी, आयजीई वगैरे प्रकारांवर) सायटोकाइन्सचा, म्हणजे आयएल-४, आयएल-२१ सारख्या संदेशवाहक प्रथिनांचा, काय परिणाम होतो ते पाहते आहे. टी पेशींची मदत म्हणून सीडी-४० लायगँड (टी पेशी ज्याने बी पेशींना चेतवतात ते प्रथिन) सगळ्याच वेल्समध्ये (प्लेटच्या खळग्यांत) आहे. त्यात नुसतं आयएल-४ घातलं तर पेशी छान वाढतात, पण एलायझात (प्रतिपिंडं मोजायच्या चाचणीत) ती जेमतेम दिसतात. आयएल-२१ घातलं की आयजीजी एकदम चढतं.

अडलंय ते इथे. पेशी सीडी-१९ या बी पेशींवरच्या खुणेवरून घेतल्यात, म्हणजे नाइव्ह (प्रतिजनाशी अजून गाठ न पडलेल्या) आणि मेमरी (आधी गाठ पडलेल्या) एकत्र आहेत. मग हे आयजीजी कुणाचं? नाइव्ह पेशींनी क्लास स्विचिंग केलं (प्रतिपिंडाचा प्रकार बदलला), की आधीच स्विच झालेल्या मेमरी पेशी प्लाझ्मा पेशी (प्रतिपिंडांचे कारखाने) बनून ते भराभर स्रवू लागल्या? दोन्हींत आकडा वाढतो, पण अर्थ पार वेगळा.

उंदरांवरचे तक्ते सरसकट लावायला मन धजत नाही. आयएल-४ मुळे उंदरात आयजीजी-१ आणि आयजीई मिळतं, माणसात आयजीजी-४ आणि आयजीई. पुढे अ‍ॅलर्जी असलेल्यांच्या पेशींवर हेच करायचंय, म्हणून हा भाग आत्ताच पक्का हवा. कुणी केलंय का?

प्रतिसाद

नुसत्या एलायझावरून हे कळणार नाही. सुरुवातीलाच पृष्ठभागावर आयजीडी असलेल्या, पण सीडी-२७ ही मेमरीची खूण नसलेल्या, म्हणजे नाइव्ह पेशी सॉर्ट करा (वेगळ्या काढा) आणि मेमरी पेशींच्या शेजारी त्याच प्लेटमध्ये लावा. नंतर सॉर्ट करून उपयोग नाही, उत्तेजित झालेल्या नाइव्ह पेशींवरही सीडी-२७ येऊ शकतं. नाइव्ह वेल्समध्ये आयजीजी आलं, तर स्विचिंग झालं.

जोडीला एआयडीचा (स्विचिंग घडवणाऱ्या एन्झाइमचा) आरएनए आणि जर्मलाइन ट्रान्सक्रिप्ट (स्विचिंगआधी त्या जनुकभागातून बनणारा आरएनए) मोजा. आयएल-४ स्टॅट-६ या पेशीत संकेत पोचवणाऱ्या प्रथिनामार्फत आयजीईच्या जनुकाचा भाग उघडतं, मग एआयडीला तिथे कापता येतं. आयएल-२१ मुख्यतः स्टॅट-३ वरून काम करतं, ब्लिंप-१ हे जनुकं नियंत्रित करणारं प्रथिन वाढवतं आणि पेशीला प्लाझ्मा पेशीकडे ढकलतं. स्टॅट-३ मध्ये जन्मजात दोष असलेल्यांच्या नाइव्ह पेशी आयएल-२१ देऊनही प्रतिपिंडं स्रवणाऱ्या पेशी बनत नाहीत, हा माझ्या मते माणसातला सगळ्यात बोलका पुरावा.

पण 'हे किंवा ते' असं धरू नका. सीडी-४० च्या संकेताबरोबर आयएल-२१ माणसाच्या नाइव्ह पेशींना आयजीजी-१ आणि आयजीजी-३ कडेही वळवतं, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच वेलमध्ये चाललेल्या असू शकतात. सीएफएसई (दर विभाजनाला निम्मा होणारा रंग) लावलंत तर किती विभाजनांनंतर आयजीजी दिसतं तेही कळेल.

धागाकर्ती

खूप आभार, सॉर्टिंगपासूनच सुरुवात करते. आयजीडी आणि सीडी-२७ दोन्ही असलेल्या पेशी कुठे धरू?

प्रतिसाद

वेगळ्याच ठेवा. त्या स्विच झालेल्या नसतात, पण नाइव्हही नसतात. कुठल्याही गटात मिसळल्या तरी तुमचा मूळ प्रश्न तसाच राहील.