बाबांच्या साठीला काय देऊ? शुक्रवारपर्यंत ठरवायचंय, मदत हवी आहे

शिरोड्याची_लेक:
बाबांना श्रावणात साठ पूर्ण होतील. विचारलं की एकच उत्तर, "म्हाका कांय नाका गो बाय." गेल्या वर्षी मी आणि भावाने मिळून स्मार्टवॉच दिलं, ते खोक्यासकट कपाटात पडून आहे. ते पाहिलं की मला फार वाईट वाटतं. शर्ट, पाकीट, अत्तर कृपया सुचवू नका. पुरुषांना काय द्यावं म्हणून शोधलं की सगळीकडे तेवढंच सापडतं. भाऊ शुक्रवारी दुबईला परत जातोय, त्याच्याआधी नक्की करायचंय.

मानशीवरचा:
गरवायचा रॉड आणि रील घेऊन द्या. मला मुलाने दिला, तेव्हापासून पावसाळ्यातली एक संध्याकाळ वाया गेलेली नाही. ट्रॉलर ३१ जुलैपर्यंत बंद, बाजारात मासळी परवडत नाही, आणि मानशीवर, म्हणजे खाजनाच्या बांधातल्या पाण्याच्या दारावर, ताजी तामसां मिळतात. पुरुषाला याहून चांगली भेट नाही.

शांतामावशी:
अगो, बजेट किती? बाबा दिवसभर करतात काय? वाचतात, बागेत रमतात, कुठे दुखतंखुपतं? काहीच लिहिलं नाहीस.

अंत्रुजकर:
साठ म्हणजे उग्ररथशांती. श्रावणात भटजी मिळणं कठीण, आजच बोलून ठेवा. सामानाची यादी हवी असेल तर देतो.

शिरोड्याची_लेक:
शांतीचं आईने कधीच ठरवलंय, मी भेटीचं विचारतेय. बजेट दोघांचं मिळून ८,००० रुपये. बाबांचं किराणा दुकान आहे, सकाळी सातपासून तिथेच. मासे खातात, पण गरवायला कधी गेलेले नाहीत. गुरुवारी रात्री देवळात भजनाला पेटीवर असतात, तेवढाच विरंगुळा. त्यामुळे खरंच काही सुचत नाही.

शांतामावशी:
पेटी वाजवतात हे आत्ता सांगतेस? उत्तर तिथेच आहे की! पेटी स्वतःची की देवळाची? कशी आहे?

काळी_एक:
भजनवाले असतील तर इलेक्ट्रॉनिक तानपुरा द्या. बजेटमध्ये बसतो, हाताळायला सोपा, रियाजाला सूर पक्का. मी सहा वर्षं वापरतोय.

पखवाजी_फोंडा:
काळी_एक, तानपुरा आता फोनवर फुकट मिळतो. आणि देवळातल्या भजनात टाळ-पखवाज सुरू झाल्यावर तो ऐकणार कोण? त्यापेक्षा थोडे पैसे घालून स्केलचेंजर पेटी घ्या. गाणारा कुठल्याही पट्टीत सुरू झाला तरी अडत नाही.

काळी_एक:
थोडे पैसे? ८,००० मध्ये चांगली स्केलचेंजर दाखवा. शिवाय आपल्याकडच्या दमट हवेत लाकूड फुगतं. जेवढे सरकणारे भाग जास्त, तेवढ्या तक्रारी जास्त.

शिरोड्याची_लेक:
पेटी बाबांचीच, आजोबांनी घेतलेली. मध्यमाची पट्टी दाबली की खालीच राहते, बाबा गाता गाता नखाने वर उचलतात. आणि भात्यातून हवा जाते, सारखा हात मारावा लागतो. लहानपणापासून तसंच बघतेय, म्हणून लिहावंसं वाटलं नाही.

शांतामावशी:
मग नवीन काही नकोच. हीच पेटी नीट करून दे. माझ्या यजमानांना मुलांनी नवी पेटी दिली होती, सुरेख होती, पण जुन्या पट्ट्यांवर बसलेला हात नव्या पेटीवर बसेना. शेवटी जुनीच बाहेर काढली.

रेडिओप्रेमी:
पेटीचा विषय निघालाय म्हणून सांगतो, आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीवर बंदी घातली होती. पेटीतून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, निघत नाही, श्रुती, म्हणजे दोन सुरांमधले बारीक सूर, मिळत नाहीत, हा आक्षेप खरा आहे.

पखवाजी_फोंडा:
आक्षेप खरा असेल, पण तुमच्या शिरोड्याच्या शेजारच्या बोरीचे पं. तुळशीदास बोरकर याच पेटीवर वाजवून २०१६ साली पद्मश्री झाले. त्यांची पेटी ऐका, मग श्रुतींचं बोलू. आणि ताई, पेटी मिरजेला पाठवा.

काळी_एक:
मिरजेचं नाव तंबोऱ्या-सतारीसाठी. पेटीवालाही मिळेल, पण भर पावसात एवढ्या लांब कशाला? जवळचा बघा. दोन गोष्टी सांभाळा. भाता आणि पट्ट्यांच्या स्प्रिंगा बदला म्हणा, पण विचारल्याशिवाय सुरांना, म्हणजे आतल्या वाजणाऱ्या धातूच्या जिभांना, कानस लावू देऊ नका. सूर टोकाकडे घासला की चढतो, मुळाकडे घासला की उतरतो. जास्त घासला गेला की तो सूर गेलाच. माझ्या पेटीचे दोन सूर एका दुरुस्तीवाल्याने असेच घालवले.

मानशीवरचा:
गुपचूप न्या, वाढदिवशी समोर ठेवा. तोंड बघण्यासारखं होईल.

शांतामावशी:
गुपचूप कशी नेणार? गुरुवारी पेटी जागेवर नसली तर माणूस घाबरेल. आजोबांची वस्तू आहे, त्यांना विचारूनच हात लाव.

शिरोड्याची_लेक:
काल रात्री सांगितलं. "कांय नाका" म्हणाले नाहीत! उलट दुकान दुपारी बंद ठेवून स्वतः यायला निघालेत. देवळाची पेटी तीन आठवडे मिळतेय, म्हणजे गुरुवार चुकणार नाही. भाऊही खूश आहे.

आज आम्ही भाता उघडून पाहिला. आत एका घडीवर वहीचं पान चिकटवलंय, दुरेघी, त्यावर माझं अक्षर, "कमळ" चार वेळा. दुसरीतलं असणार. बाबांनी भोक बुजवायला तेव्हा हाताला लागलं ते लावलं. भाता बदलला की पान जाईल. ते न फाटता कसं काढायचं, कोणाला माहीत आहे का?

काळी_एक:
बाबांना विचारा खळ लावली होती की फेविकॉल. खळ असेल तर कोमट पाण्यात पिळलेलं फडकं वरून ठेवा, दहा मिनिटांत सुटेल. शाई फुटतेय का ते आधी कोपऱ्यावर बघा. फेविकॉल असेल तर ओढू नका, घडीचा तेवढा तुकडाच कारागिराकडून कापून घ्या.

शिरोड्याची_लेक:
खळच. आईने भाताची केलेली. अक्षर पेन्सिलीचं आहे. दुपारी बसते.