शब्दचर्चा: जंतू प्रतिकारशक्ती ‘कमी करतात’ की ‘दाबतात’?

मुग्धा, घोडबंदर रोड: सोसायटीत टीबीच्या माहितीचं शिबिर आहे, मराठी पत्रक माझ्या गळ्यात पडलंय. मसुद्यात ‘इम्यून सप्रेशन’ आहे. ‘जंतू प्रतिकारशक्ती कमी करतात’ चालेल?

अविनाश, नेरूळ: नको. ‘कमी’ वाचलं की लोक च्यवनप्राश आणायला धावतात. कुष्ठरोगाचं बघा. लेप्रोमॅटस प्रकारात त्वचेत जंतूच जंतू असतात, तरी शरीर त्यांच्यापुढे जवळजवळ ढिम्म. बाकीच्या जंतूंशी मात्र तोच माणूस नीट लढतो. शक्ती आहे, एकाच शत्रूपुढे चालत नाही. म्हणून ‘दाबतात’ लिहा. ‘दमन’ नको, लाठीमार आठवतो.

मुग्धा: आणि टीबीत नेमकं काय होतं?

अविनाश: फुप्फुसातल्या भक्षकपेशी जंतूला गिळतात. गिळलेला जंतू पेशीत एका पिशवीत असतो. ती पिशवी पाचकद्रव्यांच्या पिशवीला मिळाली की त्याचा निकाल लागतो. टीबीचा जंतू ती भेटच होऊ देत नाही, आणि त्याच पेशीत वाढतो.

शैलाताई, कोपरी: अविनाशराव, सगळं जंतूच्या माथी नका मारू. लढाई लांबली की शरीर स्वतःच आवर घालतं. इंटरल्युकिन-१० हा पेशींमधला निरोप्या रेणू आणि नियामक टी-पेशी या लगाम घालणाऱ्या पांढऱ्या पेशी, यांचं कामच ते, नाहीतर फुप्फुसाचंच जास्त नुकसान होईल. जंतूचं त्यात फावतं. मी लॅबमध्ये होते तेव्हा मॉन्टू टेस्ट बघायचे, म्हणजे टीबीच्या जंतूचा अर्क हाताच्या त्वचेत टोचून शरीर काय प्रतिसाद देतं ते. ४८ ते ७२ तासांनी हातावरचा टणक फुगवटा मोजायचा, नुसती लाली नाही. टीबी अंगभर पसरलेल्या पेशंटचा प्रतिकारच दबलेला, त्यामुळे हातावर कधीकधी काहीच उठत नाही. घरचे खूश, ‘निगेटिव्ह आली!’ हे पत्रकात घालाच.

मुग्धा: घालते. पण सुप्त टीबीच्या परिच्छेदात ‘शरीर जंतूला दाबून ठेवतं’ असं आधीच लिहिलंय. आता जंतूही शरीराला दाबणार?

अविनाश: खरंय, कोण कोणाला दाबतंय कळणार नाही. जंतूच्या बाजूने ‘बोथट करतात’ घ्या. धार जाते, हत्यार राहतं.

मुग्धा: आणि ‘पर्सिस्टंट’? जुनाट?

शैलाताई: चिवट. जुनाट म्हणजे नुसता मुक्काम लांबलेला.

मुग्धा: मग असं: ‘चिवट जंतू शरीराचा प्रतिकार बोथट करतात, आणि लढाई लांबली की शरीरही त्याला आवर घालतं.’

शैलाताई: ‘त्याला’ म्हणजे जंतूला असं वाचलं जाईल. ‘स्वतःच्या प्रतिकाराला’ लिही.